इमारत तपासणाऱ्याची परीक्षा कोण घेतं?

घर घेताना आपण काय काय बघतो? पाणी किती वाजता येतं, स्टेशन किती लांब आहे, पार्किंग मिळणार का, सोसायटीचा मेंटेनन्स किती. बिल्डरने सांगितलं, "ओसी आलीय हो," की आपण निवांत होतो. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि राहायला योग्य आहे, असं सांगणारा सरकारी कागद.

पण त्या कागदावर सही करणारा माणूस कोण होता? त्याने वीस मजल्यांची इमारत तपासण्याचं वेगळं शिक्षण घेतलं होतं का? आग, भूकंप, जिन्याची रुंदी, बाहेरच्या भिंतीवरचं क्लॅडिंग यातलं त्याला किती कळतं, हे कुणी कधी तपासलं होतं का?

रिक्षा चालवायला बॅज लागतो. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. मग शेकडो कुटुंबं जिथे झोपणार आहेत, ती इमारत तपासणाऱ्याला कुठला परवाना लागतो?

या प्रश्नाचं उत्तर देशागणिक बदलतं. इंग्लंडने ते ७२ माणसं गमावल्यावर शोधलं. अमेरिकेतल्या काही राज्यांनी बऱ्याच आधी शोधलं, पण तिथेही सगळं सुरळीत नाही. आपल्याकडे तो अजून नीट विचारलाही गेलेला नाही. एकेक करून बघूया.

लंडनमधल्या त्या रात्री काय झालं?

१४ जून २०१७. पश्चिम लंडनमधला ग्रेनफेल टॉवर. २४ मजली निवासी इमारत, १९७० च्या दशकात बांधलेली. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फ्रिजला आग लागली. ती त्या एका स्वयंपाकघरातच विझायला हवी होती. पण आग खिडकीतून बाहेर आली आणि इमारतीच्या बाहेरच्या आवरणाने पेट घेतला. बघता बघता आख्खा टॉवर पेटला. ७२ जणांचा जीव गेला.

हे बाहेरचं आवरण मूळ इमारतीचं नव्हतं. काहीच काळ आधी झालेल्या नूतनीकरणात ते बसवलं होतं. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांच्या मधे पॉलिथिलीन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, असं ते होतं. आणि हे काम नियमांप्रमाणे झालं असल्याचं प्रमाणपत्र स्थानिक कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल विभागाने, म्हणजे आपल्या भाषेत पालिकेने, २०१६ मध्ये दिलं होतं.

पुढे सार्वजनिक चौकशी झाली. या कामाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं, की एका वेळी त्याच्याकडे १३० पर्यंत कामं असायची. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. उत्पादक कंपन्या, कंत्राटदार, वास्तुविशारद, केंद्र सरकार, कुणालाच त्यात सोडलेलं नाही. कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल विभागाने आपलं कायदेशीर काम नीट केलं नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सगळे मृत्यू टाळता आले असते, असं चौकशी आयोगाचे अध्यक्ष म्हणाले.

आता मुद्द्याची गोष्ट. ग्रेनफेलपर्यंत इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या इमारत निरीक्षकाला वैयक्तिक परवाना घेण्याची सक्ती नव्हती. बरेच जण व्यावसायिक संस्थांचे सदस्य असत, पण स्वेच्छेने. शिवाय १९८४ च्या कायद्याने तपासणीचं काम खासगी कंपन्यांसाठीही खुलं झालं होतं. म्हणजे आपला तपासनीस कोण असावा, हे बिल्डर स्वतः ठरवू शकत होता. जास्त प्रश्न विचारणारा निरीक्षक नको असेल, तर पुढच्या वेळी दुसरा निवडायचा.

मग नियम काय बदलले?

२०२२ मध्ये ब्रिटनच्या संसदेने बिल्डिंग सेफ्टी अॅक्ट मंजूर केला. त्यातून बिल्डिंग सेफ्टी रेग्युलेटर ही नवी नियामक यंत्रणा उभी राहिली. ६ एप्रिल २०२४ पासून निरीक्षकांची नोंदणी सक्तीची झाली. हा नियम खासगी निरीक्षकाला लागू आहे आणि कौन्सिलच्या पगारी नोकरालाही. "मी सरकारी आहे, मला वेगळी परीक्षा कशाला?" ही पळवाट बंद झाली.

या नोंदणीत चार गट आहेत. सोप्या भाषेत सांगायचं तर:

• पहिला गट: शिकाऊ. देखरेखीखालीच काम करायचं.
• दुसरा गट: स्वतंत्रपणे काम करणारा निरीक्षक.
• तिसरा गट: विशेषज्ञ निरीक्षक.
• चौथा गट: तांत्रिक व्यवस्थापक.

शिकाऊ सोडला तर बाकीच्यांना स्वतंत्र यंत्रणेकडून आपली क्षमता तपासून घ्यावी लागते. वर इमारतीच्या प्रकारानुसार उपगट आहेत. एका कुटुंबाचं छोटं घर तपासणारा आणि उंच निवासी टॉवर तपासणारा एकाच मापाने मोजला जात नाही. ज्या प्रकारच्या इमारतींसाठी तुमची क्षमता सिद्ध झाली, तेवढंच काम तुम्ही करायचं. त्याबाहेर जाऊन काम केलं तर तो गुन्हा ठरू शकतो.

आणखी तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक, ही नोंदणी कायमची नाही, तिचं नूतनीकरण करावं लागतं. दोन, निरीक्षकांसाठी आचारसंहिता आहे आणि ती मोडली तर नोंदणी निलंबित किंवा रद्द होऊ शकते. तीन, नोंदणीपुस्तक सगळ्यांसाठी ऑनलाइन खुलं आहे. तुमची इमारत तपासणाऱ्याचं नाव टाका, तो कुठल्या गटात आहे ते तुम्हाला दिसतं.

१८ मीटर किंवा सात मजले आणि त्याहून उंच निवासी इमारतींसाठी तर बिल्डरला स्वतःचा तपासनीस निवडताच येत नाही. तिथे थेट नियामकाकडेच जावं लागतं.

सगळं गोडीगुलाबीने झालं का?

अजिबात नाही. एप्रिल २०२४ जवळ आला तेव्हा लक्षात आलं, की परीक्षा पूर्ण झालेल्या निरीक्षकांची संख्या पुरेशी नाही. वीस-तीस वर्षं काम केलेले लोक विचारत होते, "या वयात आमची परीक्षा?" अनेक ज्येष्ठ निरीक्षक निवृत्ती पत्करतील आणि कामं अडतील, अशी भीती व्यक्त झाली. शेवटी इंग्लंडने, ज्यांचं मूल्यमापन सुरू झालं होतं त्यांना १३ आठवड्यांची, म्हणजे ६ जुलैपर्यंतची सवलत दिली. वेल्सने त्याहून जास्त मुदत दिली.

उंच इमारतींच्या मंजुरीतही अडचण आली. नव्या इमारतीचा प्रस्ताव १२ आठवड्यांत निकाली निघावा असं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात अनेक प्रस्ताव त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ रखडले. बांधकाम व्यावसायिक वैतागले, घरांची टंचाई असलेल्या देशात यावरून टीका झाली.

यातून एक साधी गोष्ट कळते. परवाना सक्तीचा करणं हे अर्धं काम झालं. तो परवाना मिळवू शकतील अशी पुरेशी माणसं तयार करणं हे उरलेलं अर्धं. आणि ते जास्त वेळखाऊ असतं.

अमेरिकेत कसं चालतं?

अमेरिकेत देशभरासाठी एकच नियम नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं. पण बहुतेक ठिकाणी इंटरनॅशनल कोड कौन्सिल या संस्थेने तयार केलेल्या संहिता थोड्याफार बदलांसह वापरल्या जातात. हीच संस्था निरीक्षकांच्या परीक्षाही घेते. छोट्या घरांची परीक्षा वेगळी, व्यावसायिक इमारतींची वेगळी, विजेची आणि प्लंबिंगची वेगळी. परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा असते. नियम पाठ आहे का, यापेक्षा तो शोधून योग्य जागी लावता येतो का, हे बघितलं जातं.

कॅलिफोर्नियाचा कायदा पाहा. शहर किंवा काउंटीच्या निरीक्षकाकडे किमान एक वर्षाचा अनुभव हवा. नोकरीला लागल्यापासून एका वर्षात त्याने प्रमाणपत्र मिळवलं पाहिजे. त्यानंतर दर तीन वर्षांत ४५ तासांचं प्रशिक्षण घ्यायचंच. कारण नियम बदलतात, साहित्य बदलतं. वीस वर्षांपूर्वी छतावर सोलर पॅनल आणि पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग कुठे होतं?

फ्लोरिडाने धडा वादळातून घेतला. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडात हजारो घरं उद्ध्वस्त केली. त्यातली अनेक घरं केवळ वाऱ्यामुळे नाही, तर कच्च्या बांधकामामुळे आणि ढिल्या तपासणीमुळे पडली, हे समोर आलं. त्यानंतर राज्याने निरीक्षकांना परवाने देणारं मंडळच नेमलं.

म्हणजे परवाना आला की प्रश्न सुटला?

इथेच थांबून नीट विचार करायला हवा. कारण त्याच फ्लोरिडात, परवाना पद्धत लागू असताना, २४ जून २०२१ च्या पहाटे सर्फसाइड या गावातली चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत कोसळली. ९८ जण गेले. २०१८ मध्येच एका खासगी इंजिनिअरच्या अहवालात या इमारतीच्या काँक्रीटचं गंभीर नुकसान नोंदवलेलं होतं. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गावच्या बांधकाम अधिकाऱ्याने रहिवाशांच्या बैठकीत इमारत चांगल्या स्थितीत असल्याचं सांगितलं, अशी त्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंद आहे.

दुसरं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. तिथल्या एका वरिष्ठ निरीक्षकाने ज्यांच्या कामांची तपासणी करायची त्यांच्याकडूनच लाभ घेतल्याची कबुली दिली आणि २०२३ मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. एका स्ट्रक्चरल इंजिनिअरलाही शिक्षा झाली. दोघेही आपापल्या कामात मुरलेले होते. त्यांना नियम कळत नव्हते असं कुणी म्हणणार नाही.

म्हणजे निरीक्षक चुकतो त्याची कारणं तीन असतात. त्याला कळत नाही. त्याला वेळ नाही. किंवा त्याला बघायचंच नाही. परवान्याची परीक्षा यातलं फक्त पहिलं कारण दूर करते. १३० फाइली एका टेबलावर असतील तर हुशार माणूसही नुसत्या सह्या करत सुटतो. आणि ज्याचं बघायचंच नाही असं ठरलंय, त्याला कितीही प्रमाणपत्रं दिली तरी उपयोग नाही.

मग आपल्याकडे काय आहे?

महाराष्ट्रात महापालिकेत स्थापत्य अभियंता म्हणून लागायला पदवी किंवा पदविका लागते, भरतीची स्पर्धा परीक्षा द्यावी लागते. पण ती परीक्षा नोकरीसाठीची. इमारत तपासण्यासाठीची वेगळी, नूतनीकरण करावी लागणारी, कामात कसूर झाली तर रद्द होणारी अशी वैयक्तिक नोंदणी नाही. काल रस्ते किंवा पाणीपुरवठा विभागात असलेला अभियंता उद्या बदली होऊन बांधकाम परवानगीच्या टेबलावर बसू शकतो. तो हुशार असेलही. पण उंच इमारतीतली आग कशी पसरते हे त्याला कळतं का, याची तपासणी त्या बदलीसोबत होत नाही.

आपली पद्धत दुसऱ्याच खांद्यावर उभी आहे: बाहेरच्या परवानाधारक तंत्रज्ञांच्या. मुंबई सोडून राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर यांची पात्रता आणि जबाबदारी दिली आहे. इमारत भार पेलेल की नाही, याबाबत पालिका साधारणपणे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या प्रमाणपत्रावर विसंबते. सगळी गणितं स्वतः नव्याने करत नाही. छोट्या बांधकामांसाठी तर परवानगी सोपी करून स्वप्रमाणनावर जास्त भर दिला आहे.

आता त्या खांद्याची ताकद बघा. वकिलाला बार कौन्सिल आहे. डॉक्टरला मेडिकल कौन्सिल आहे. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे. (तोही 'आर्किटेक्ट' हे नाव कुणी वापरायचं एवढ्यापुरताच, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.) इंजिनिअरसाठी मात्र देशपातळीवर अशी परिषद नाही. २०२५ मध्ये केंद्राने व्यावसायिक अभियंत्यांच्या नोंदणीसाठी एका विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला, म्हणजे ही उणीव सरकारलाही माहीत आहे. तोवर प्रत्येक पालिका आपापल्या यादीत परवाने देते.

नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ आहे, पण तो मार्गदर्शक स्वरूपाचा आहे. राज्य आणि पालिका आपल्या नियमात जेवढं घेतील, तेवढंच बंधनकारक.

कागद होता, तरीही

१३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडा नगरमध्ये वादळी वाऱ्यात अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. १७ जणांचा मृत्यू झाला. मुंबई पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, हे होर्डिंग साधारण १२० बाय १२० फुटांचं. या प्रकरणात पोलिसांनी होर्डिंगला स्थिरता प्रमाणपत्र देणाऱ्या इंजिनिअरलाही अटक केली. म्हणजे प्रमाणपत्र होतं. ते खरं आहे का, हे तपासणारी दुसरी नजर नव्हती.

आणि काही ठिकाणी कागदच नसतो. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमधली रमाबाई अपार्टमेंट पडली, १७ जण गेले. तीही अनधिकृत होती. जी इमारत मंजुरीसाठी कुणाच्या टेबलावर आलीच नाही, तिची तपासणी कुठला प्रमाणित निरीक्षक करणार? शिळफाट्याच्या प्रकरणात पालिकेतल्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली होती. म्हणजे इमारत उभी राहताना दिसत नव्हती असं नाही. हा तिसऱ्या कारणाचा, न बघण्याचा प्रश्न.

जुन्या इमारतींसाठी आपल्याकडे नियम आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पालिकेकडे नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडून करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. फ्लोरिडाने सर्फसाइडनंतर २०२२ मध्ये तीन किंवा त्याहून जास्त मजल्यांच्या जुन्या निवासी इमारतींसाठी तपासणीची तरतूद केली, तिथेही साधारण तीस वर्षांचाच आकडा आहे. कागदावर आपण फार मागे नाही. पण ऑडिट करणारा इंजिनिअर सोसायटी किंवा बिल्डर निवडतो आणि पैसेही तेच देतात. पुनर्विकास हवा असेल तर 'धोकादायक' अहवाल आणि नको असेल तर 'दुरुस्तीयोग्य' अहवाल, असे एकाच इमारतीचे दोन अहवाल येऊन वाद झाल्याचं मुंबईकरांना नवीन नाही. ग्रेनफेलनंतर इंग्लंडला जो प्रश्न पडला तोच हा: तपासणाऱ्याला निवडणारा कोण?

मग काय करता येईल?

इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी उचलून आणा, असं म्हणणं सोपं आहे. पण आपल्याकडे आधीच अभियंत्यांची पदं रिकामी असतात. उद्या परीक्षा सक्तीची केली तर तिचे क्लासेस निघतील, प्रमाणपत्रांचा आणखी एक बाजार उभा राहील आणि फाइली अडवायला नवं कारण मिळेल. हा आक्षेप खोटा नाही.

तरीही काही गोष्टी टप्प्याटप्प्याने होऊ शकतात. सुरुवात सगळ्या इमारतींपासून नाही, उंच निवासी इमारती, रुग्णालयं आणि शाळांपासून करता येईल. या फाइली हाताळणाऱ्या अभियंत्यांना आग आणि संरचना सुरक्षेचं प्रशिक्षण आणि दर काही वर्षांनी फेरतपासणी. एका अभियंत्याकडे एका वेळी किती इमारती, याला मर्यादा. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या प्रमाणपत्रांपैकी काहींची अचानक, दुसऱ्या तज्ज्ञाकडून पडताळणी. आणि सगळ्यात स्वस्त उपाय: कुणी, कधी, कुठली इमारत तपासली हे नावानिशी ऑनलाइन टाकणं. आपलं नाव शेजाऱ्याला दिसणार आहे हे कळलं की सही करणारा हात जरा थांबतो.

तोवर आपण काय करायचं?

घर घेताना ओसी आहे का एवढंच विचारू नका. ओसीची प्रत मागा आणि त्यातले मजले प्रत्यक्षातल्या मजल्यांशी मोजून बघा. प्रकल्पाचा स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, त्याचा परवाना क्रमांक काय, हे विचारा आणि पालिकेच्या यादीत आहे का बघा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत आर्किटेक्ट आणि इंजिनिअरची नावं मिळतात. सोसायटी तीस वर्षांची झाली असेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ऑडिटचा विषय लावायला सांगा, आणि अहवालाचं शेवटचं पानच नाही, आतली निरीक्षणंही वाचा. इमारतीची तपासणी कधी आणि कुणी केली, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं.

एखाद्या वेळी उत्तर मिळणार नाही. एखाद्या वेळी बिल्डरचा माणूस वैतागेल. पण ग्रेनफेलचे रहिवासी आगीच्या कितीतरी आधीपासून आपल्या इमारतीच्या सुरक्षेबद्दल लिहित होते, प्रश्न विचारत होते. कमी पडलं ते उत्तर द्यायला बांधील असलेलं कुणीतरी. निरीक्षकाच्या परवान्याचा नियम म्हणजे शेवटी एवढंच: तो माणूस कोण, हे आधीच ठरवून ठेवणं.